मुलगा बघायला निघालेली राजकन्या

१८६८ साली 'मंजुघोषा' नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक नारो सदाशिव रिसबूड. राजपुत्र, राजकन्या, एकामागून एक कोसळणारी संकटं, विरह आणि मीलन असा सगळा थाट. आज ती परीक्षेपुरतीच कुणाला भेटत असेल. तिची प्रस्तावना मात्र अजूनही वाचण्यासारखी आहे, कारण रिसबुडांनी तिथं आपली अडचण रोखठोक सांगितली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्या हिंदू घरांतली लग्नाची रीत आणि एकूण राहणीच अशी की तिच्यात रंगवून सांगावं असं ना पाप सापडतं ना पुण्य. रोज जे घडतं तेच लिहिलं तर मन रमेल असं काही हाती लागत नाही. तेव्हा करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळण्यावाचून इलाज नाही.

पुढच्या टीकाकारांना ही पळवाट वाटली. मला ती मराठी साहित्यातली फार प्रामाणिक ओळ वाटते. प्रेमकथेला किमान एक गोष्ट लागते : या दोघांचं जमेल की नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसणं. ज्या घरात मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी उरकलं जातं, तिथं ही धाकधूक आणायची कुठून? मुलीनं कुणाला तरी निवडलं असं लिहायचं, तर ती मुलगी पुण्यातल्या वाड्यात राहून चालत नाही. तिला एक राज्य द्यावं लागतं, एक जंगल द्यावं लागतं, जमलं तर एखादा मंत्र. मुलीच्या मनाजोगतं काही घडावं यासाठी लेखकाला सापडलेली ती एकमेव जागा होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या धडाक्यात खपणारी 'रोमँटसी'. रोमान्स आणि फँटसी यांची ही सोयरीक. त्यात जादूचं राज्य असतं, ड्रॅगन किंवा यक्षासारखे अमर लोक असतात, लढणारी नायिका असते आणि तिच्या प्रेमाची भरपूर लांबवलेली गोष्ट असते. रिबेका यारोसची 'फोर्थ विंग' २०२३ मध्ये आली. त्याच मालिकेतला तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपल्याचं प्रकाशकांनी सांगितलं. सारा जे. मासची मालिका २०१५ पासून चालू आहे. ही पुस्तकं अमेरिकेत लिहिली जातात आणि उलव्यात वाचली जातात.

उलवे मुद्दाम म्हटलं. पनवेल तालुक्यातलं हे गाव म्हणजे एका पिढीपूर्वी भातशेती, खाडी आणि आगरी-कोळ्यांची घरं. आज तिथं सिडकोचे सेक्टर आहेत आणि त्यांत वन बीएचके घेऊन राहायला आलेली, निम्म्या महाराष्ट्रातून गोळा झालेली कुटुंबं आहेत. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. शेजारच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. टेकडी नाहीशी होणं, नदीनं वाट बदलणं, माणसं आकाशातून उतरणं या गोष्टी एरवी परीकथेत असतात, फक्त तिथं जमिनीच्या मोबदल्याची फाइल नसते.

अशा घरात मुलीला स्वतंत्र खोली मिळेलच असं नाही, पण फोन मिळतो, आणि वाचणाऱ्या मुलीच्या दृष्टीनं ती खोलीच असते. आत ड्रॅगन चाललाय की संख्याशास्त्राची पीडीएफ, हे बाहेरून कळत नाही. खारकोपरहून नेरूळला जाईपर्यंत एक प्रकरण होतं. या वाचनाबद्दल घरातून, कॉलेजातून आणि 'गंभीर' वाचकांकडून जे ऐकू येतं ते ठरलेलं आहे : हे टाइमपास आहे, परकं आहे, यातून डोक्यात नसती खुळं शिरतात. टाइमपास आहे, कबूल. खुळांचं पुढे बघू. परकं मात्र अजिबात नाही. ते सांगण्यासाठी रिसबुडांच्याही मागे, थेट पैठणला जावं लागेल.

पैठणच्या सातवाहन राजाची ही आख्यायिका आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. त्यानं उडवलेल्या पाण्यानं हैराण झालेली राणी संस्कृतात म्हणाली, "मोदकैः", म्हणजे 'मा उदकैः', पाणी नको. राजानं ऐकलं 'मोदक' आणि ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली. राजा इतका ओशाळला की त्यानं संस्कृत शिकायचं मनावर घेतलं. दरबारातला गुणाढ्य पंडित म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पैज लावली : हे घडलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन. तो हरला, रानात गेला, आणि उरलेल्या एकाच भाषेत, पिशाचांच्या म्हणजे पैशाची भाषेत, त्यानं सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली.

राजानं ती परत पाठवली. भाषा पिशाचांची, त्यातून रक्ताची अक्षरं, असलं दरबारात कोण ठेवणार? मग गुणाढ्य टेकडीवर बसला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेलं पान आगीत टाकू लागला. हरणं, डुकरं, सगळी चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाच्या मुदपाकखान्यात शिकारीचं मांस वाळकं येऊ लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा कुठे शोध लागला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले.

मराठी मुलखात रचलेल्या अद्भुतकथेच्या नशिबी पहिला शेरा आला तो असा : दर्जा नाही, परत पाठवा.

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिच्यावरून काश्मीरच्या सोमदेवानं ११व्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, आणि तो लिहिला सूर्यमती राणीचं मन रमावं म्हणून. एका स्त्री वाचकाच्या करमणुकीसाठी मुद्दाम लिहिलेला हा ग्रंथ आहे. त्यात कलिंगसेनेची गोष्ट येते, आणि माझ्या मते आजच्या सगळ्या रोमँटसीचं बीज तिथं आहे.

कलिंगसेना तक्षशिलेची राजकन्या. तिची मैत्रीण सोमप्रभा ही मयासुराची मुलगी. मयासुर म्हणजे दैत्यांचा स्थापत्यकार, यंत्रांचा बादशहा. सोमप्रभा येताना लाकडी बाहुल्यांची पेटी घेऊन येते, आणि त्या बाहुल्या कळ दाबली की आपोआप हालचाली करतात. दोघींचं इतकं गूळपीठ जमतं की एकमेकींवाचून करमत नाही. कलिंगसेनेसाठी श्रावस्तीच्या प्रसेनजित राजाचं स्थळ येतं. सोमप्रभा सांगते, तो म्हातारा आहे, कौशांबीचा उदयन बघ. मग ती मैत्रिणीला आपल्या उडत्या यंत्रात बसवते आणि दोघी आकाशमार्गे स्थळं बघायला निघतात. कलिंगसेना प्रसेनजिताला लांबून पाहते, पिकलेला म्हातारा. नकार. मग उदयनाला पाहते. होकार.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र किती उलटं आहे ते सांगायला नको. इथं मुलगी ट्रे घेऊन येत नाही. ती विमानातून येते, वरून बघते, नापसंत करते आणि निघून जाते. बरोबर भाऊ नाही, मामा नाही, फक्त मैत्रीण.

पुढे गोष्ट काळोखी होते. उदयनाचा मंत्री लग्न लांबवत राहतो. तेवढ्यात मदनवेग नावाचा विद्याधर उदयनाचं रूप घेऊन येतो आणि कलिंगसेनेशी गांधर्व विवाह करून मोकळा होतो. तिनं ज्याला निवडलं तो हा नव्हताच. फसवून मिळवलेली संमती ही संमती असते का, हा प्रश्न सोमदेव आजच्या शब्दांत विचारत नाही. पण वाचताना तो घशात अडकतो.

आता दुसरी राजकन्या. भावानं तिचं लग्न ठरवलं आहे. तिला दुसरा हवा आहे, ज्याला तिनं पाहिलेलंही नाही, फक्त ऐकलं आहे. ती एका ब्राह्मणाहाती त्याला पत्र पाठवते. पत्रात रडारड नाही, योजना आहे : लग्नाआधी कुलदेवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन, तेव्हा ये आणि मला घेऊन जा. ही रुक्मिणी. विदर्भातल्या कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्याकडचीच.

मराठीची पहिली कवयित्री महदंबा. १३व्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिनं 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. विषय अर्थातच रुक्मिणीचं लग्न. म्हणजे मराठीत एका बाईनं रचलेल्या पहिल्या काव्याची नायिका ही पत्र लिहून पळून जाणारी मुलगी आहे. पनवेल, उरण, पेणच्या आगरी लग्नांत आजही धवलारीण धवले गाते आणि लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. उलव्याच्या टॉवरांमागची वहाळ, मोरावे, गव्हाण ही गावं याच आगरी पट्ट्यातली.

१५७१ मध्ये एकनाथांनी काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं आणि पुढे एक गमतीशीर प्रथा पडली. लग्न जमत नसलेल्या मुलीनं या ग्रंथाचं पारायण करायचं, म्हणजे चांगलं स्थळ येतं. अजूनही कित्येक घरांत हे सुचवलं जातं. घरच्यांनी ठरवलेलं लग्न सुखरूप पार पडावं म्हणून मुलीच्या हाती घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडणाऱ्या मुलीची गोष्ट! एकनाथांच्या ग्रंथाला अध्यात्माची खोल बैठक आहे, जीव-शिवाचं मीलन आहे, हे मान्य. तरी पारायण करणाऱ्या एखाद्या मुलीनं पत्राच्या प्रसंगाशी थांबून दुसराच काही विचार केला नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तर रिसबूड ज्याला नाइलाज म्हणाले, ती खरं तर जुनी, भक्कम परंपरा होती. आणि त्यांच्याच काळात तिच्यात नवी भर पडत होती. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली होती. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या होत्या. त्यातली शहाजादी रोज रात्री गोष्ट सांगून आपली मान वाचवते. १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकरांचं 'चंद्रप्रभाविरहवर्णन' प्रसिद्ध झालं. मराठीत स्त्रीनं लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि ती याच अद्भुतरम्य घराण्यातली आहे. बाईनं कादंबरी लिहायला घेतली तेव्हा तिनंही आधी राजवाड्याचंच दार ठोठावलं.

पण रिसबुडांचं एक चुकलं. आपल्या घरांत सांगण्यासारखं काही घडत नाही, असं ते १८६८ मध्ये म्हणत होते. त्या वर्षी सांगली भागातल्या आष्ट्याला जन्मलेली काशी सात वर्षांची होती. पुढे महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन रमाबाई झालेली मुलगी पाच-सहा वर्षांची होती. मुंबईत रखमा चार वर्षांची होती. कल्याणच्या जोश्यांची यमुना तीन वर्षांची होती, तीच पुढे आनंदीबाई जोशी झाली. राज्य, जंगल, मंत्र यांतलं काहीही नसताना या चौघींनी जे केलं ते कुठल्याही अद्भुत कादंबरीला भारी पडावं असं आहे. फक्त ते बघायचं कसं, हे कादंबरीला अजून ठाऊक नव्हतं.

रखमाबाईंचंच घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, नांदायला त्या गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये उलटा लागला : नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करेन, जाणार नाही, ही त्यांची भूमिका राहिली. १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. दरम्यान टोपणनावानं 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहून त्यांनी बालविवाहाची सालटी काढली होती. पत्र लिहून स्वतःचं लग्न थांबवणारी ही दुसरी रुक्मिणी. हिला न्यायला मात्र कुणी रथ घेऊन आलं नाही.

१८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' आलं. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्याचं होतं. पण ताराबाईंनी जाता जाता त्या काळच्या गोष्टींच्या पुस्तकांनाही धारेवर धरलं. 'स्त्रीचरित्र'सारख्या पुस्तकांत बायका कपटी, पुरुष बिचारे भोळे, हे लिहितं कोण, असा त्यांचा रोख होता. अद्भुतकथेत बाईला राज्य मिळालं होतं, पण लेखणी पुरुषाच्या हाती होती. ताराबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही, आणि आजही ही कसोटी वापरण्यासारखी आहे.

मग १८९० साल आलं. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. नायिका यमू. (मराठीतल्या पहिल्या कादंबरीची, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ची नायिकाही यमुनाच, आणि आनंदीबाईंचं माहेरचं नावही तेच. त्या काळात मराठी बाईचं दुःख सांगायचं म्हटलं की नदीचं हेच नाव पुढे येई, असं दिसतं.) यमू स्वतः बोलते. 'मी' म्हणते. लहानपणाचे खेळ, सासरचा जाच, थोड्या दिवसांचं सुख, वैधव्य, बळजबरीनं केलेलं केशवपन, सगळं तिच्या तोंडून येतं. रिसबूड जिथं काही सापडत नाही म्हणाले होते, त्याच माजघरात आपट्यांना एक अख्खं जग सापडलं.

माझ्या मते इथं मराठी कादंबरी दुभंगली. एका बाजूला अद्भुत : तिथली मुलगी जिंकते, पण ती स्वतः बोलत नाही, तिच्याबद्दल लेखक बोलतो. दुसऱ्या बाजूला वास्तव : तिथली मुलगी स्वतः बोलते, आणि मरते. दर्जाचा शिक्का वास्तवावर बसला, तो योग्यच होता. यमूला वाचल्यावर राजकन्येच्या विरहावर विश्वास ठेवणं अवघड जातं. पण त्या शिक्क्यासोबत एक न सांगितलेली अटही आली : चांगल्या मराठी पुस्तकात बाईनं सोसायचं. जिंकायचं असेल तर हलक्या पुस्तकात जा.

ही दोन्ही टोकं जोडायचा प्रयत्न जिनं केला, ती आष्ट्याची काशी. काशीबाई कानिटकर. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळखही धड नव्हती. नवरा गोविंदराव शिकलेला, त्याला शिकलेली बायको हवी होती. सासरच्या मंडळींना ते मुळीच नको होतं. बाईचं वाचन ही तेव्हा चोरून करायची गोष्ट होती. रमाबाई रानड्यांच्या आठवणींतही घरातल्या बायकांची टोमणेबाजी पानोपानी आहे. फोनची स्क्रीन तिरकी धरून वाचणाऱ्या मुलीला हा प्रकार ओळखीचा वाटेल. काशीबाई वाचायला शिकल्या, मग लिहायला लागल्या. १८८९ मध्ये त्यांनी आनंदीबाई जोश्यांचं चरित्र लिहिलं. खरीखुरी नायिका, खराखुरा समुद्र, आणि एकविसाव्या वर्षी खराखुरा मृत्यू.

आणि १९२८ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. नायिका रेवती. प्रतिष्ठेपायी तिचं लग्न एका संस्थानाच्या मनानं अधू असलेल्या वारसाशी लावलं जातं. इथवर गोष्ट यमूच्या वळणावर आहे. पण रेवती मरत नाही. ती कारभार हाती घेते आणि बायकांनी चालवलेलं राज्य उभं करते. जादू नाही, पण असं संस्थान नकाशावर कुठंही नव्हतं, म्हणजे ते अद्भुतच. बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्येच 'सुलतानाज ड्रीम' लिहून पुरुषांना पडद्यात बसवलं होतं आणि बायकांना हवेतून उडणाऱ्या गाड्या दिल्या होत्या. रुकैया आज जगभर शिकवल्या जातात. काशीबाईंची रेवती मराठी वाचकांनाही फारशी ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं १९१३ मध्ये अद्भुतरम्य कादंबरीला पुन्हा वाचक मिळवून दिले. हा माणूस सिंहगडावरून कोसळून कमरेखाली लुळा झाला होता आणि अंथरुणात पडून घोडदौडीची वर्णनं लिहीत होता. पुढे जादूटोणा नारायण धारपांकडे गेला. धारप मला प्रचंड आवडतात. पण त्यांच्याकडे अमानवी शक्ती म्हणजे बहुतेक वेळा संकट, आणि ते निवारायला 'समर्थ' येतात. मुलीच्या स्वतःच्या हातात ती शक्ती आली तर काय होईल, हा धारपांचा विषय नव्हता. राजाराणीच्या गोष्टी लहान मुलांच्या पुस्तकांत गेल्या आणि मोठ्या मुलींना प्रेमकथा किंवा कौटुंबिक कादंबऱ्या मिळाल्या. उडतं यंत्र अडगळीत गेलं.

आता 'फोर्थ विंग' उघडून बघा. नायिका वायोलेट स्वतः बोलते, 'मी' म्हणते, यमूसारखी. तिची हाडंपेरं कमजोर आहेत, सांधे सहज निखळतात. लेखिकेलाही तसाच आजार आहे, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. वायोलेटला ग्रंथपालांसारखं आयुष्य हवं होतं. सेनापती असलेली आई हुकूम सोडते की ड्रॅगनस्वारच व्हायचं. म्हणजे गोष्टीची सुरुवात घरच्यांनी ठरवलेल्या आयुष्यापासूनच होते, फक्त लग्नाच्या जागी लष्कर आहे. मासच्या पहिल्या पुस्तकातली एकोणीस वर्षांची फेरा तर निरक्षर आहे. एका परीक्षेत भिंतीवरचं कोडं वाचता न आल्यामुळे तिचा जीव जायची वेळ येते, आणि पुढच्या भागात तिचं प्रेम जमतं ते तिला वाचायला शिकवणाऱ्याशी. काशीबाई आणि गोविंदराव आठवल्याशिवाय मला ते प्रकरण वाचता आलं नाही. एस. ए. चक्रवर्तींची 'सिटी ऑफ ब्रास' (२०१७) कैरोतल्या एका ठक मुलीला जिन्नांच्या नगरात नेते. पुस्तकाचं नावच अरबी सुरस गोष्टींतल्या पितळी शहरावरून घेतलेलं आहे, म्हणजे चिपळूणकरांच्या पोतडीतलं.

१८९० मध्ये आपल्याकडे जे दुभंगलं, ते या पुस्तकांत सांधलेलं आहे. मुलगी बोलते आणि जिंकतेही. लेखणीही बहुतेक वेळा बाईच्याच हाती आहे, म्हणजे ताराबाईंची एक अट पुरी झाली. उलव्यात राहणाऱ्या मुलीला यात नेमकं काय सापडतं, हे यानंतर वेगळं विचारायला नको.

तरी या पुस्तकांना सगळं माफ करावं असं मला वाटत नाही. त्यांतल्या खूपशा नायकांना शेकडो वर्षांचं वय असतं, अफाट ताकद असते आणि 'तुझ्या भल्यासाठीच' गोष्टी लपवायची खोड असते. मदनवेगाचा हा वंश अजून खुंटलेला नाही, फक्त आता तो देखणा आणि दुखावलेला असतो, म्हणून सुटतो. नायिका तलवार चालवते, राज्य उलथवते, आणि तिची निवड शेवटी येऊन थांबते ती राज्यातल्या सगळ्यात बलवान पुरुषापाशी. काशीबाईंच्या रेवतीची दौड याहून लांबची होती. आणि गद्य कधी कधी इतकं घाईचं असतं की चार पानं उलटली तरी चुकल्यासारखं वाटत नाही.

डोक्यात खुळं शिरण्याची भीती तर रुक्मिणीपासून आहे. आजही मुलगी 'मला हा नको' म्हणाली की घरात काय होतं, ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर अधूनमधून छापून येतं. तेवढी किंमत असलेला शब्द कादंबरीत हजार वेळा, मनसोक्त, परिणामांची पर्वा न करता उच्चारला जाताना वाचणं ही साधी करमणूक नाही. आणि असलीच, तर सूर्यमती राणीलाही तीच हवी होती.

एक गोष्ट मात्र खटकते. हे सगळं इंग्रजीत वाचलं जातं. वायोलेट जे बोलते ते मराठीत कसं ऐकू येईल, हे कुणी फारसं करून बघितलेलं नाही. ज्या जागी करून बघितलं जातंय तिथं समीक्षक जात नाहीत. 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर शेकडो मराठी मुली आणि बायका फोनवरच क्रमशः कथा लिहितात, जशी 'करमणूक'मध्ये यमू आठवड्याला भेटायची तशा. त्यांत शापित वाडे आहेत, नागकन्या आहेत, मागच्या जन्मीचे प्रियकर आहेत, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका आहेत. खूपसं लेखन कच्चं आहे, काही वाचवतही नाही. पण त्यात कुठे कुठे एखादी मुलगी 'मी' म्हणून बोलायला लागते, हातात कसली तरी शक्ती घेऊन, घरच्या मराठीत. खाली वाचणाऱ्या विचारत असतात, पुढचा भाग कधी. कोपऱ्यात लिहिणारीचं उत्तर असतं : बाळ झोपलं की टाकते.